वरच्या थरातली चिलीम

कल्याणच्या भूमीचा विचार करू लागले, की अभ्यासकाचे मन आपोआप खोल जाते. कान्हेरीच्या शिलालेखांतून ज्या नगरीच्या दानशील रहिवाशांची नावे आजही वाचता येतात, ‘पेरिप्लस’च्या अनामिक ग्रीक लेखकाने ज्या बंदराची दखल घेतली, त्या सातवाहनकालीन कल्याणची एखादी वीट, एखादे नाणे आपल्या हाती यावे, ही आकांक्षा स्वाभाविक आहे आणि ती मलाही आहे. परंतु त्या थरापर्यंत पोहोचण्याच्या उत्कंठेत वरचे तीन-चार शतकांचे थर केवळ अडथळा मानून फावड्याने बाजूला सारले जातात, आणि त्यांच्याबरोबर जी एक लहानशी, तांबूस, काजळलेली वस्तू ढिगाऱ्यात नाहीशी होते, ती मातीची चिलीम माझ्या मते या प्रांताच्या इतिहासाचा अत्यंत भरवशाचा साक्षीदार आहे.

भरवशाचा अशासाठी, की तिला जन्मवेळ आहे. तंबाखू अमेरिकेतून पोर्तुगीजांच्या गलबतांबरोबर आपल्या किनाऱ्यावर उतरली आणि प्रथम दख्खनेत रुजली. अकबराचा वकील असद बेग 1604 च्या सुमारास विजापुराहून परतला, तेव्हा त्याने बादशहापुढे ही नवलाईची पाने आणि ती ओढण्याची रत्नजडित नळी ठेवली, आणि दरबारच्या हकिमांनी त्या अपरिचित धुरास हरकत घेतली. पुढे 1617 मध्ये जहांगिराने मनाईचा हुकूमही काढला. पण तोवर चिलीम चावडीपासून छावणीपर्यंत सर्वत्र पोहोचण्याच्या वाटेला लागली होती. गांजा आपल्याकडे पुष्कळ जुना, हे खरे. तथापि धूर ओढण्याच्या या मातीच्या साधनाचा सार्वत्रिक प्रसार तंबाखूबरोबरच झाला, असे बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणून न ढवळलेल्या थरात चिलीम निघाली, की तो थर सोळाव्या शतकाच्या अखेरीपलीकडे नेता येत नाही. आणि सातवाहनांच्या खापरांत ती निघाली, तर वरून कोणीतरी खड्डा खणला होता, हे निःसंशय समजावे. ज्या खड्ड्याची कड मातीच्या रंगावरून डोळ्यांना दिसत नाही, तो खड्डा चिलीम दाखवून देते.

मात्र ती ओळखता आली पाहिजे. विठ्ठलवाडीच्या बाजूला एका इमारतीच्या पायासाठी काढलेल्या मातीतून उचललेला एक तुकडा या क्षणी माझ्या टेबलावर आहे. अंगठ्याच्या दोन पेरांएवढी लांबी, वरचे तोंड अर्धे फुटलेले, खाली निमुळते होत गेलेले बूड. बाहेरच्या अंगावर चाकाच्या फिरण्याच्या बारीक समांतर रेषा आहेत. आत, तोंडापासून खाली, काळी चकचकीत पुटे बसली आहेत आणि बुडाच्या भोकाशी ती सर्वांत दाट आहेत. भोक माती ओली असतानाच काडीने पाडलेले, कारण त्याच्या आतल्या कडेला सरकलेल्या मातीची किनार भाजून घट्ट झाली आहे. खाडीकाठच्या या मुलखात कोळ्यांच्या जाळ्याची मातीची वजनेही आरपार भोकाचीच असतात. परंतु त्यांचे भोक या टोकापासून त्या टोकापर्यंत सारख्या रुंदीचे, भिंत जाड आणि आत काजळीचा लेश नाही. लोहाराच्या भात्याच्या नळीचा तुकडा असेल, तर त्याचे टोक उष्णतेने काचेसारखे वितळलेले असते. पणतीची काजळी वातीच्या ओठावर असते, पोटात नसते. इतके पाहिले, की संशय राहत नाही.

युरोपात धूम्रपानाच्या नळ्यांवरून काळ ओळखण्याचे मोठे शास्त्र झाले आहे. लंडन, ब्रिस्टल, हॉलंडमधील गौडा येथे पांढऱ्या मातीच्या लांब नळीचे पाइप साच्यांतून अगणित निघत, चटकन मोडत आणि फेकले जात. त्यांवर कारागिरांचे शिक्के असत. अमेरिकेत पुरातत्त्वज्ञ हॅरिंग्टन यांनी 1954 मध्ये दाखवून दिले, की सतराव्या शतकाच्या आरंभी नळीचे छिद्र इंचाच्या चौसष्टाव्या भागांत 9 भरते आणि अठराव्याच्या अखेरीस ते 4 वर येते. नळ्यांचे पुरेसे तुकडे मोजले, तर वसाहतीचा काळ सांगता येतो. हे गणित आपल्या चिलमीस लागू पडत नाही, कारण आपल्या कुंभाराने शिक्का मारला नाही आणि लांब नळीही केली नाही. बुडाला ओल्या फडक्याची छापी गुंडाळून, मुठीच्या पोकळीतून धूर ओढावयाचा, ओठ मातीला लागू द्यावयाचे नाहीत, आणि आत बुडाशी खडा ठेवून तंबाखू घशात येऊ द्यावयाची नाही, ही आपली रीत. एकच चिलीम बैठकीत हातोहात फिरावी आणि तरीही कोणाचे उष्टे कोणास लागू नये, ही सोय ज्या समाजास हवी होती, त्या समाजाची सारी रचना या बोटभर वस्तूच्या आकारात उतरली आहे, असे मला ती हातात घेताना नेहमी वाटते.

या परिसराच्या वरच्या थरांत काय काय साचले आहे, याचा हिशेब करावा. 1657 मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली. ठाण्यात पोर्तुगीजांनी 1730 मध्ये किल्ल्याचे काम सुरू केले, 1737 मध्ये मराठ्यांनी ते ठाणे जिंकले, 1774 मध्ये इंग्रजांनी ते घेतले. 1854 मध्ये आगगाडी कल्याणास पोहोचली. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्करी छावणी पडली आणि फाळणीनंतर त्याच छावणीत सिंधी निर्वासितांनी संसार मांडले. त्या वस्तीस 1949 मध्ये उल्हासनगर हे नाव मिळाले. जकातीच्या चौकीवरचा शिपाई, रुळांखाली खडी टाकणारा मजूर, तांड्याचा बैलवाला, दफ्तरात ज्यांची नावे सहसा लिहिली गेली नाहीत, अशी ही माणसे. त्यांची फुटलेली चिलीम मात्र मातीत राहिली. नेवाशाच्या उत्खननात, 1954 ते 1956 या काळात, मुस्लिम-मराठा काळाचा थर स्वतंत्र कालखंड म्हणून नोंदला गेला, ही शिस्त मला फार मोलाची वाटते. आपल्या शहरांत ती शिस्त पाळण्यास वेळ उरलेला नाही. अंबरनाथच्या शिवमंदिरावरून येणारी वालधुनी विठ्ठलवाडीजवळून कल्याणच्या खाडीकडे जाते. तिच्या दोन्ही काठांवर यंत्रे पाया खोदीत आहेत, आणि प्रत्येक पाया प्रथम हाच थर खाऊन टाकतो.

म्हणून वाचकांस एक विनंती आहे. आपल्या इमारतीच्या, गल्लीच्या, विहिरीच्या खोदकामातून असा तुकडा वर आला, तर तो धुऊ नये. आतल्या काजळीतून निकोटिनचा माग प्रयोगशाळेत काढता येतो आणि पाण्याने तो पुरावा जातो. कोरड्या कागदात गुंडाळून त्यावर जागा, तारीख आणि जमिनीपासूनची खोली लिहावी, सोबत निघालेली खापरे व बांगड्यांचे तुकडे त्याच पुडीत ठेवावे, आणि ती पुडी जवळच्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागात पोहोचती करावी. खोलीची नोंद विसरू नये.