गाणे कोणाच्या नावावर?

आमच्या मुलाने आणि त्याच्या तीन मित्रांनी मिळून सहा गाण्यांचा एक अल्बम काढला. हा अल्बम कव्वालीचा नाही, वरातीत वाजवायचाही नाही. हेवी रॉक म्हणतात त्या प्रकारचा आहे. जाड तारांच्या गिटारी, छातीत धडकणारा ड्रम आणि वरच्या पट्टीतला आवाज. शब्द मात्र मराठी, तेही आपल्या झाडीपट्टीच्या बोलीतले. वस्तीत चर्चा झाली. कोणी पोरांची पाठ थोपटली, कोणी विचारले, "हे काय आपले संगीत आहे का?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर द्यावे आणि त्याहून महत्त्वाची एक गोष्ट, म्हणजे नावाची व पैशाची गोष्ट, चार घरांपर्यंत पोहोचवावी म्हणून हा लेख.

आम्ही दोघे भंडारा जिल्ह्यातले. आमच्यातल्या एकीने वर्षानुवर्षे विड्या वळल्या, एकाने राइस मिलमध्ये पोती उचलली. मुलगा नागपूरकडे कंत्राटी कामाला आहे. त्याच्या मित्रांपैकी एक कॉलेजात शिकतो, एक मोबाइल दुरुस्त करतो. चौथा दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या नाटकांत ऑक्टोपॅड वाजवायला जातो आणि हंगाम संपला की लग्नाच्या बँडमध्ये असतो. चौघांपैकी एकाच्याही घरी बापजाद्यांची इस्टेट नाही.

हे संगीत श्रीमंतांच्या पोरांची चैन आहे, असा एक समज आहे. त्याचा उगम पाहिला तर चित्र निराळे दिसते. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम हे कारखान्यांचे शहर. तेथील ॲस्टन या कामगार वस्तीतील चार तरुणांनी 'ब्लॅक सॅबथ' हा बँड उभा केला. गायक ऑझी ऑस्बर्न याने कत्तलखान्यात काम केले होते. टोनी आयोमी हा गिटार वाजवणारा पत्र्याच्या कारखान्यात होता. वय १७ वर्षांचे, कामाचा शेवटचा दिवस, आणि यंत्राच्या दाबात उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गेली. तो डावखुरा असल्यामुळे नेमकी तीच बोटे तारा दाबण्याची. गिटार सुटली असेच सर्वांना वाटले. तेव्हा कारखान्यातल्या एका वरिष्ठाने त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली. राइनहार्टची दोन बोटे आगीत निकामी झाली होती, तरी तो नामवंत वादक झाला होता.

आयोमीने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, वर कातडे चिकटवले. जाड तारा दाबवत नव्हत्या, म्हणून पातळ तारा लावल्या. पुढे तारा सैल सोडून सूर खाली आणला. सैल तारेचा आवाज खर्जातला व भारदस्त येतो. 'हेवी' म्हणतात त्या आवाजाच्या मुळाशी कारखान्यात तुटलेली बोटे आहेत, हे आम्हाला मुलाने सांगितले, तेव्हा राइस मिलच्या पट्ट्यात हात गेलेले आमच्या ओळखीचे लोक डोळ्यांपुढे आले.

या चौघांनी आपला पहिला अल्बम १६ ऑक्टोबर १९६९ रोजी एका दिवसात रेकॉर्ड केला. जास्त दिवस स्टुडिओ घ्यायला पैसेच नव्हते. १३ फेब्रुवारी १९७० ला तो बाजारात आला आणि संगीताचा एक नवा प्रकार सुरू झाला. ५ जुलै २०२५ रोजी त्याच ॲस्टनमधील मैदानावर चौघांनी निरोपाचा कार्यक्रम केला. त्यानंतर सतरा दिवसांनी ऑझी वारला.

आता 'आपले' संगीत म्हणजे काय ते पाहू. आमचा मुलगा त्याच्या मामाआजोबांबद्दल बोलताना एकदा म्हणाला, "बाबा, आजोबाची हार्मोनियम कोणाच्या गावची होती?" हार्मोनियम युरोपातून आली. कव्वाली पार्टीत ज्याला आपण बेंजो म्हणतो, ते मूळ जपानी वाद्य. आपल्या गायकांनी ही वाद्ये जवळ केली, त्यांवर बाबासाहेबांचा विचार गावोगाव नेला, आणि ती आपली झाली. १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांच्या जलशाने तमाशाचा बाज घेतला, पण आतला मजकूर पार बदलला. वामनदादा कर्डकांनी (१९२२–२००४) सिनेमाच्या चालीही वर्ज्य मानल्या नाहीत. बाज कोणता घेतला यापेक्षा त्यातून काय सांगितले, हे आपल्या परंपरेने नेहमीच वर धरले.

कबीर शाक्य यांचा 'धम्म विंग्ज' हा बँड २०११ मध्ये निघाला. त्याने गिटार व ड्रम घेऊन बुद्ध आणि बाबासाहेबांचा विचार गायला घेतला. तमिळनाडूत दिग्दर्शक पा. रंजित आणि संगीतकार तेन्मा यांनी २०१७ मध्ये 'कास्टलेस कलेक्टिव्ह' उभा केला. जानेवारी २०१८ मध्ये चेन्नईत त्यांचा पहिला कार्यक्रम झाला. 'जात नसलेले' हे नाव त्यांनी पंडित अयोथी दास यांच्या विचारातून घेतले. अयोथी दासांनी १८९८ मध्ये बौद्ध धम्म स्वीकारला होता आणि १९०७ पासून ते एक साप्ताहिकही चालवत. या बँडमध्ये गिटारशेजारी परई वाजते. तिकडे मयतीपुढे परई वाजवण्याचे काम दलितांवर लादलेले होते. तीच परई आज मानाने मंचावर आली.

आपल्या मुंबईतही रॉकची जुनी वाट आहे. 'रॉक मशीन' हा बँड १९८४ मध्ये निघाला. त्याचा पहिला अल्बम १९८८ मध्ये आला. १९९३ मध्ये त्याने 'इंडस क्रीड' असे नाव घेतले आणि १९९५ मध्ये त्या नावाने अल्बम काढला. मग बँड थांबला, लोक पांगले, आणि पुढचा अल्बम यायला २०१२ उजाडले. मध्ये सतरा वर्षे गेली! इंग्रजीत गाणाऱ्या, महानगरातल्या नामवंत बँडची ही कथा. मग शिफ्ट सांभाळून, झाडीबोलीत गाणाऱ्या पोरांना काय पडले असेल ते समजून घ्यावे.

अल्बम कसा तयार होतो, हे आम्ही जवळून पाहिले. आधी सराव. घरात एवढा आवाज शक्य नाही, म्हणून एका ओळखीच्या माणसाचे धानाचे रिकामे गोदाम रविवारी मागून घेतले. स्टुडिओचे भाडे तासावर असते, तेथे जाऊन चुकणे परवडत नाही. म्हणून एकेक गाणे पन्नास-पन्नास वेळा वाजवून घेतले. स्टुडिओत चौघे एकत्र वाजवत नाहीत. कानात घड्याळासारखी टिकटिक लावून आधी ड्रम भरतात. त्यावर बेस, मग गिटार आणि शेवटी गायन. प्रत्येक आवाज वेगळा साठवलेला असतो. तो कमीजास्त करून मेळ बसवायचा, याला मिक्सिंग म्हणतात. भाजीत मीठ-तिखट पाहावे तसे हे काम. शेवटी सर्व गाण्यांची पातळी सारखी करतात, ते मास्टरिंग. आमच्या पोरांना हे सर्व पुरे करायला दोन पावसाळे लागले. एकाला रात्रपाळी आली की बाकीचे तिघे थांबत.

गाण्यांचे विषय त्यांनी घरातूनच उचलले. एक राइस मिलवर आहे, एक विडीच्या पानावर. २४ जानेवारी २०२५ रोजी जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट होऊन कामगार मृत्युमुखी पडले. त्यानंतर पोरांनी कामावर गेलेल्या माणसाची वाट पाहणाऱ्या घरावर एक गाणे केले. ते ऐकताना आवाज मोठा वाटत नाही. तेथे हळू आवाज शोभलाच नसता.

आता मुख्य गोष्ट. गाणी तयार झाली आणि एका कंपनीचा फोन आला. "अल्बम आम्ही काढतो, थोडे पैसेही देतो, या कागदावर सही करा." कागद मोबाइलवर आला. मजकूर इंग्रजीत होता. मोबाइल दुरुस्त करणाऱ्या पोराने तो वाचून दाखवला. सहाही गाण्यांचे सर्व हक्क, सर्व देशांत, कायमचे कंपनीकडे. पोरांवर स्टुडिओची उधारी होती. दोघे सही करायला तयार झाले. तेव्हा मुलगाच म्हणाला, "मामाआजोबाच्या कॅसेटवानी?"

ही कॅसेटची गोष्ट आमच्या घरात सर्वांना पाठ आहे. आमचे मामा भीमगीते लिहीत व गात. कॅसेटचा जमाना होता, रेकॉर्डिंग स्वस्त झाले होते. एका कंपनीने त्यांची आठ गाणी भरून घेतली. हातावर एकदाच पैसे ठेवले, वर पंचवीस कॅसेटी दिल्या. अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर ती कॅसेट खपताना मामांनी स्वतः पाहिली. कव्हरवर गायक म्हणून त्यांचे नाव होते. गीतकाराच्या जागी छापले होते, 'पारंपरिक'. ज्या माणसाने कंदिलाच्या उजेडात शब्द जुळवले, तो जिवंतपणीच परंपरेत जमा झाला! पुढे ती गाणी दुसऱ्यांनी गायली. मामांना त्याचे दुःख नव्हते. गाणे लोकांचे व्हावे असेच ते म्हणत. पण "लिहिणाऱ्याचे नाव पुसून कशाला?" एवढे विचारत. मामा आज हयात नाहीत.

अशी फसगत आपल्याच लोकांची होते असेही नाही. ब्लॅक सॅबथची लाखो रेकॉर्डे खपली, तरी जुन्या व्यवस्थापनाशी त्यांना कोर्टकज्जे करावे लागले. १९७५ चा त्यांचा 'सॅबोटाज' हा अल्बम त्याच भांडणात तयार झाला. दिवसा वकील, रात्री गाणे. कामगाराच्या पोराला वाजवता येते, पण कागद वाचायला कोणी शिकवलेले नसते, हे तेथेही खरे ठरले.

म्हणून कागदाबद्दल आम्ही ओळखीच्या वकिलाकडून जे समजून घेतले, ते येथे देतो. आपल्या देशात कॉपीराइटचा कायदा १९५७ चा आहे. गाणे लिहिले किंवा चाल बांधली की हक्क आपोआप निर्माण होतो, नोंदणी सक्तीची नाही. मात्र वाद झाला तर पुरावा लागतो, म्हणून वहीत तारीख घालावी. एका गाण्यात तीन निरनिराळे हक्क असतात. शब्द लिहिणाऱ्याचा, चाल बांधणाऱ्याचा आणि रेकॉर्डिंग करवून घेणाऱ्याचा. हक्क दुसऱ्याला देणे तोंडी होत नाही, लेखी व सहीनेच होते. कागदात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरताच धरतात. म्हणूनच 'कायमचे' आणि 'सर्व देशांत' हे शब्द मुद्दाम घातलेले असतात. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार व संगीतकार यांचा रॉयल्टीतला बरोबरीचा वाटा करारानेही कंपनीला काढून घेता येत नाही. आणि लिहिणारा वारला तरी त्याचा हक्क पुढे साठ वर्षे वारसांकडे राहतो.

पोरांनी सही केली नाही. उधारी चौघांनी हप्त्याने फेडायची ठरवली. मग आमच्याच घरी बसून त्यांनी रेघांच्या कागदावर आपसातला करार लिहिला. कोणत्या गाण्याचे शब्द कोणाचे, चाल कोणाची, पैसे आले तर वाटणी कशी, एकजण बँड सोडून गेला तर काय. हे लिहिताना दोघांत कडाक्याचे वाजले. ऑक्टोपॅडवाल्याचे म्हणणे, ड्रमचा ठेका म्हणजेही चाल आहे. वाद तासभर चालला आणि शेवटी त्याचा वाटा लिहिला गेला. मैत्रीत कागद कशाला, असे काही जण म्हणतात. आम्ही म्हणतो, मैत्री टिकावी म्हणूनच कागद.

अल्बम त्यांनी स्वतःच प्रसिद्ध केला. पूर्वी कॅसेट दुकानोदुकानी पोहोचवावी लागे. आता थोडे पैसे भरले की वितरण करणारी सेवा गाणी सर्व ॲपवर टाकते. प्रत्येक रेकॉर्डिंगला बारा अक्षर-आकड्यांची स्वतंत्र ओळख मिळते, कोठेही वाजले तरी हिशेब त्या ओळखीवर लागतो. फॉर्ममध्ये गायक, गीतकार, संगीतकार असे वेगवेगळे रकाने असतात. ते घाईत रिकामे सोडू नयेत. रिकाम्या रकान्यातूनच 'पारंपरिक' जन्माला येतो. कमाई म्हणाल तर अजून चहापाण्याइतकीच आहे. पण जी आहे ती ज्याची त्याला मिळते.

आपल्या घरात कोणी गात असेल, मग ते भीमगीत असो, रॅप असो की रॉक, तर आईबापांनी दोन गोष्टी अवश्य कराव्यात. एकदा शांतपणे शब्द ऐकावेत. आणि सहीपूर्वी कागद मोठ्याने वाचायला लावावा. मुलांना साहित्य घेऊन देण्याची ऐपत सर्वांची नसते, पण एवढे प्रत्येक घराला जमते.

सहाव्या गाण्याबद्दल सांगायचे राहिले. त्याचे शब्द मामांच्या जुन्या वहीतले आहेत. पोरांनी त्याला नवी चाल लावली. त्याआधी ते साकोलीला मामांच्या मुलीकडे गेले, तिला गाणे ऐकवले, तिची लेखी परवानगी घेतली आणि तिचा वाटा करारात लिहिला. मोबाइलवर ते गाणे उघडले की गीतकाराच्या रकान्यात मामांचे पूर्ण नाव दिसते. वहीत अजून एकेचाळीस गाणी आहेत. ती आम्ही तारखेसह उतरवून घेत आहोत.