वार एक की दोन?

गर्भात जुळं आहे, एवढं सोनोग्राफीच्या रिपोर्टवर लिहून भागत नाही. वार एक की दोन, हेही ११ ते १४ आठवड्यांच्या तपासणीतच लिहिलं गेलं पाहिजे, कारण बाळांच्या हृदयाचं पुढे काय होईल हे बरंचसं त्यावर ठरतं. एकबीज जुळ्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश जुळी एकाच वारेवर वाढतात. वारेत दोघांच्या रक्तवाहिन्या एकमेकींना जोडलेल्या असतात आणि अशा १० ते १५ टक्के गरोदरपणांत रक्ताची देवघेव एकतर्फी होते. देणाऱ्या बाळाची लघवी घटते, भोवतीचं पाणी आटतं. घेणाऱ्याकडे रक्त साचतं. शिवाय रक्तदाब टिकवण्यासाठी देणाऱ्याने सोडलेली संप्रेरकंही त्याच वाटेने त्याच्यापर्यंत पोचतात. आधीच जास्तीचं रक्त पेलणाऱ्या हृदयाला मग आवळलेल्या रक्तवाहिन्यांतून ते ढकलावं लागतं. त्याच्या भिंती जाड होतात, उजव्या कप्प्यांमधली झडप गळते, कधी फुप्फुसाकडची झडप अरुंद होते. नीट घडलेलं हृदय वारेतल्या जोडण्यांमुळे आजारी पडतं.

विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत हृदय पाहतोच की, असं कुणी म्हणेल. ती तपासणी हवीच. एका वारेच्या जुळ्यांत हृदयाचे जन्मजात दोषही जास्त आढळतात. पण एकतर्फी देवघेवीचा हा बिघाड त्याआधी सुरू होऊ शकतो आणि त्यानंतरही. म्हणून सोळाव्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी दोघांभोवतीचं पाणी मोजायचं असतं. ही निगराणी कुणाला हवी, ते पहिल्या तिमाहीतच स्वच्छ कळतं: मधला पडदा वारेला मिळतो तिथे पाचरीसारखा त्रिकोण दिसला तर वारा दोन, पातळ पडदा काटकोनात टेकला तर एक. उशीर झाला की ही खूण पुसट होते. इतर देशांत अशा वेळी दोन बाळांचं लिंग वेगळं दिसलं, तर त्यावरूनही अंदाज बांधतात. आपल्याकडे १९९४च्या कायद्याने लिंग सांगायला मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. म्हणून तर लवकरच्या तपासणीचं मोल आपल्यासाठी अधिक.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. शिरूर किंवा दौंडला निदान झालं तरी उपचार कुठे? लेसरने त्या जोडण्या बंद करायची सोय मोठ्या शहरातच मिळते. पण २००४ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपीय चाचणीत लेसरनंतर किमान एक बाळ २८ दिवसांपर्यंत जगण्याचं प्रमाण ७६ टक्के होतं, नुसतं घेणाऱ्या बाळाभोवतीचं जास्तीचं पाणी काढलेल्यांत ५६. हा उपचार साधारण १६ ते २६ आठवड्यांतच होतो. पुणं दोन्हीकडून ७०-७५ किलोमीटरवर आहे. हे अंतर कापता येतं, हुकलेले आठवडे परत मिळत नाहीत. ऊसतोडीच्या टोळीबरोबर आलेल्या बाईचं तर आणखी अवघड. दोन आठवड्यांनी ती कोणत्या फडावर असेल, हे मुकादमच जाणे. म्हणून ‘वार एक’ हे शब्द दवाखान्याच्या फायलीत न ठेवता तिच्याजवळच्या कार्डावर ठळक मराठीत लिहावेत आणि आशाताईंना त्यांचा अर्थ समजावून सांगावा. बाळंतपणानंतरही ते कार्ड बाळाच्या कागदांना जोडावं: लेसर होऊन वाचलेल्या बाळातही फुप्फुसाकडची झडप अरुंद राहू शकते, आणि जन्मानंतर हृदयाची टूडी इको कुणाची करायची, हे त्या दोन शब्दांवरून कळतं.