लांबची वाट

२०१९ सालच्या मे महिन्यात मी माझ्या थोरल्या भावाकडे अमेरिकेत गेले होते. दादाचे घर सॅन फ्रान्सिस्को शहराजवळ आणि त्याचा मुलगा श्रीधर राहतो लॉस एंजेलिसला. आम्ही सर्वांनी श्रीधरच्या घरी जावे, असे ठरले होते. त्यासाठी श्रीधरने एक चालते घरच भाड्याने आणले. तिकडे त्याला ‘आरव्ही’ म्हणतात. पंचवीस फूट लांबीच्या त्या गाडीत चूल होती, पाण्याची टाकी होती, निजायला बिछाने होते. बिऱ्हाड पाठीवर घेऊन निघालेल्या गोगलगायीची मला आठवण झाली.

नकाशा पसरताच वाद सुरू झाला. दक्षिणेकडे जाण्यास दोन वाटा. एक ‘इंटरस्टेट पाच’ हा मेक्सिकोच्या सीमेपासून कॅनडाच्या सीमेपर्यंत गेलेला प्रशस्त महामार्ग. १९५६ च्या कायद्याने अमेरिकेत असे महामार्ग बांधण्याचे काम मोठ्या प्रमाणावर हाती घेतले गेले. त्या वाटेने लॉस एंजेलिस सहा तासांवर. दुसरी वाट समुद्राच्या काठाकाठाने जाणारी, ‘राज्यमार्ग एक’. ती अरुंद, नागमोडी आणि शंभराहून अधिक किलोमीटरनी लांब.

“बाबा, एवढी मोठी गाडी त्या वळणांवरून न्यायची म्हणजे जिवाला घोर. आपण आतल्या रस्त्यानेच जाऊ,” श्रीधर म्हणाला. मलाही ते पटले. लवकर पोहोचावे, नातीला भेटावे, एवढेच माझ्या मनात होते.

दादा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “तीस वर्षे कामासाठी मी या दोन शहरांत येजा केली. दर वेळी आतल्या रस्त्यानेच. समुद्राच्या वाटेने पुढच्या खेपेस जाऊ, असे दर वेळी म्हणत आलो. आता पुढची खेप माझ्यापाशी नाही.”

दादाला काचबिंदू झाला होता. त्याच्या दृष्टीचा परीघ हळूहळू आकसत चालला होता. गेलेली दृष्टी परत येत नाही, हे आम्हां सर्वांना ठाऊक होते. श्रीधरने मुकाट्याने नकाशाची घडी घातली. वाट ठरली.

दुसऱ्या दिवशी कार्मेल गाव मागे पडले आणि डोंगर थेट समुद्राला भिडले. आमच्या कोकणातही डोंगर आणि समुद्र शेजारी आहेत. पण त्यांच्यामध्ये माडांची आणि भातखाचरांची जागा असते. येथे कडा संपतो तेथेच लाट सुरू होते. त्या कड्याच्या अंगावर माणसाने रस्ता कोरला आहे. कार्मेल ते सॅन सिमियन हा भाग पुरा व्हायला सुमारे अठरा वर्षे लागली. १९३७ साली तो खुला झाला. तो बांधताना तुरुंगातील बंदीही राबले. त्या श्रमाबद्दल त्यांना शिक्षेत सूट मिळे. वाटेवरचा बिक्सबी पूल १९३२ साली पुरा झाला. एकाच कमानीवर दरी ओलांडणारा तो पूल २६० फुटांहून अधिक उंच आहे. त्यावरून जाताना मी खाली पाहण्याचे धाडस केले नाही!

आमचे घर गोगलगायीच्याच चालीने चालले होते. मागे मोटारींची रांग लागली. श्रीधर आरशात पाहून मोजू लागला, “तीन... चार... पाच.” आणि त्याने रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेत गाडी घेतली. दुपदरी रस्त्यावर सावकाश चालणाऱ्या वाहनामागे पाच वाहने खोळंबली, तर त्याने अशा जागी बाजूला होऊन त्यांना वाट द्यावी, असा त्या राज्याचा कायदा आहे. पुढे जाणाऱ्यांपैकी काहींनी हात हलवून आभार मानले. मला तो नियम फार आवडला. सावकाश जाण्याचा हक्क सर्वांना आहे. पण दुसऱ्याची वाट अडवण्याचा कुणालाच नाही.

त्या थांब्यावरच आमचे भाग्य उघडले. खाली समुद्रशैवालाच्या दाट जाळीत काही तपकिरी ठिपके डुलत होते. ती समुद्री पाणमांजरे होती. उताणी पडून ती लाटांवर झुलत होती. फरसाठी माणसाने त्यांची एवढी शिकार केली, की कॅलिफोर्नियातून ती नाहीशीच झाली, असे लोक समजत होते. पण १९३८ साली बिक्सबी ओढ्याच्या मुखाशी सुमारे पन्नास पाणमांजरांचा कळप लोकांच्या दृष्टीस पडला. पुढे त्यांना संरक्षण मिळाले आणि त्यांची संख्या तीन हजारांच्या आसपास गेली.

“कुठे आहेत?” दादा विचारू लागला. मी त्याच्या हाती दुर्बीण दिली. “त्या काळ्या खडकापासून डावीकडे ये. आता थोडा खाली.” दुर्बीण हलली, चुकली, पुन्हा खडकावर आली. आम्हांपैकी कुणीही घाई केली नाही. दहा मिनिटे गेली असतील. एकाएकी दादाचा हात स्थिर झाला.

“अगं, तिच्या पोटावर पिलू आहे!” तो म्हणाला.

पिलू आमच्यापैकी कुणालाच दिसले नव्हते.

ती रात्र आम्ही रेडवुडच्या उंच झाडांखाली काढली. दुसऱ्या दिवशी सॅन सिमियनच्या उत्तरेस वाळूवर शेकडो हत्ती-सील जुनी कातडी टाकत पहुडलेले पाहिले. सहा तासांच्या प्रवासाला तीन दिवस लागले.

आतल्या रस्त्याला मी नावे ठेवणार नाही. रोग्याला रुग्णालयात न्यायचे असते, फळे-भाजी वेळेवर पोहोचवायची असते; तेथे सरळ वाटच हवी. समुद्राची वाट तर भरवशाचीही नाही. २०१७ च्या मे महिन्यात तिच्यावर प्रचंड दरड कोसळली आणि तेथील रहदारी चौदा महिने बंद राहिली. २०२३ साली पुन्हा दरडी आल्या आणि वाट पुन्हा तुटली. जी वाट आज खुली आहे, ती उद्या खुली असेलच असे नाही. दादाला हे आमच्याआधी उमगले होते.

आता दादाला फारसे दिसत नाही. मी दूरध्वनी केला, की तो अजूनही त्या प्रवासाच्या गोष्टी काढतो. मी एखादा तपशील चुकले, तर लगेच म्हणतो, “तसे नव्हे. खडक डावीकडे नव्हता, उजवीकडे होता. मी पाहिला आहे ना!”