गाळ्यातलं अर्थशास्त्र

आमचा अर्थशास्त्राचा तास रविवारी सकाळी असतो, आणि गोदामाला रविवार नसतो. मानकोली नाक्यावरून आत वळलं की गाळ्यांच्या रांगा लागतात. तिथल्या एका गोदामात मी इन्वर्डचं काम बघते. गाडी लागली की बिल्टी, बिल, ई-वे बिल तपासायचं, नग मोजून घ्यायचे, फुटका-भिजका माल बाजूला काढायला सांगायचा आणि संगणकावर नोंद करायची. ज्या रविवारी ड्युटी येते त्या रविवारी कॉलेज एका कानात असतं. सर मागणीची लवचिकता समजावत असतात आणि दुसऱ्या कानाशी ड्रायव्हर म्हणत असतो, "मॅडम, पावती द्या, नाक्यावर जाम व्हायच्या आत निघू दे."

वर्गातले बाकीचेही असेच कुठून कुठून येतात. एक बाई नर्स आहेत, त्या रात्रपाळी संपवून लोकलमधून हजर होतात. शहापूरकडचा एक जण रेंजसाठी गच्चीवर बसतो, त्यामुळे पावसाळ्यात तो निम्मा गैरहजर. एका घरी रविवारचा कुकर नेमका तासाच्या मध्यात लागतो. सरांना आता शिट्टीवरूनच कळतं कुणाचा माइक बंद करायला सांगायचा ते. कॅमेरे मात्र सगळ्यांचे बंद. सुरुवातीला सर आग्रह करायचे, मग त्यांनी सोडून दिलं. ते बरं केलं. मागे वाळत घातलेले कपडे, झोपलेला नवरा, खोक्यांची थप्पी हे सगळं लोकांना दाखवत कुणाला शिकायचं असतं?

बारावी मी लग्नाआधी भिवंडीतून केली. मग मानकोलीला आले, मुलं झाली, ती मोठी झाली. एमएस-सीआयटी करून गोदामात लागले तेव्हा वाटलं होतं, बस झालं. पण वरच्या जागेसाठी पदवी लागते असं कळलं आणि माझ्यानंतर आलेला मुलगा माझ्यावर सुपरवायझर झाला. शिक्षणाची ओढ वगैरे नंतरची गोष्ट. प्रवेश मी पगारासाठी घेतला.

प्रवेश घेणं हाच एक विषय होता. माझी दहावी-बारावीची गुणपत्रिका माहेरच्या नावाची, आधार सासरच्या नावाचं. हल्ली दूरशिक्षणाला आणि ऑनलाइन पदवीला यूजीसीचा डेब आयडी लागतो, त्याला आधी एबीसी आयडी, त्याला डिजिलॉकर, आणि या साखळीत प्रत्येक ठिकाणी नाव जुळावं लागतं. विवाह नोंदणीचा दाखला आम्ही कधी काढलाच नव्हता. लग्नपत्रिका, भटजींची सही, साक्षीदार असं सगळं गोळा करून तो काढला. माझ्या वर्गात ज्या बायका आहेत त्यांतल्या बहुतेकींचा पहिला आठवडा या नावातच गेला. पुरुषांना हा पेपर नसतो.

ऑफिसात दुसरा प्रश्न आला: ही घरी बसून मिळालेली डिग्री चालते का? विचारणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. यूजीसीने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे, की मान्यताप्राप्त संस्थेची दूरशिक्षणातली किंवा ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरली जाईल. ती सूचना छापून मी ड्रॉवरमध्ये ठेवली आहे. ती दोनदा उपयोगी पडली. आमचे स्टोअरचे साहेब स्वतः नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून बी.कॉम. झालेत, त्यांना समजावावं लागलं नाही. ते विद्यापीठ १९८९ साली झालं, गंगापूर धरणाजवळ आहे, म्हणजे आमच्या दारावरून जाणाऱ्या नाशिक महामार्गाच्याच पुढच्या टोकाला. मुंबई विद्यापीठाचे पत्राने शिकवायचे अभ्यासक्रम त्याहून जुने, १९७१ पासूनचे. आणि कामकरी माणसाला काम संपल्यावर शिकवावं ही कल्पना तर १८५५ ची, जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात शेतकऱ्या-मजुरांसाठी रात्रशाळा काढली तेव्हाची. मला हे कळलं ते इतिहासाच्या पुस्तकातून, आणि मग "या वयात आता कशाला" असं कुणी म्हटलं की बोलायला काहीतरी हाताशी आलं.

घरात विरोध कुणी केला नाही. सासूबाई तास संपला की विचारतात, "काय गो, सुटला का तुजा कॉलेज?" त्यात चेष्टा थोडी, काळजी जास्त. पण विरोध नसणं आणि वेळ मिळणं यात फार अंतर आहे. आमच्याच ठाणे जिल्ह्यात, मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात योगेंद्र बांगर सरांनी ८ मार्च २०१६ ला आजीबाईंची शाळा सुरू केली. गुलाबी नऊवारी नेसून, पाठीला दप्तर लावून दुपारच्या शाळेला निघालेल्या आज्यांचे फोटो सगळीकडे गेले. ते पाहून माझे डोळे भरून आले होते, खोटं कशाला बोलू. पण नंतर एक विचार आला. आजी शिकते तेव्हा घराचं काही अडत नाही. चाळीशीतली बाई पुस्तक घेऊन बसली की त्याच वेळी पोळ्या व्हायच्या असतात, कुणाला तरी डबा द्यायचा असतो, पाहुणे येऊन बसलेले असतात. तिचे फोटो कुणी काढत नाही. मी शेवटी संध्याकाळच्या तासांसाठी गोदामातच थांबायला लागले. शिफ्ट सुटल्यावर पॅकिंगच्या टेबलाशी बसायचं, खोक्याला फोन टेकवायचा. घरी यायला उशीर होतो ही तक्रार निघते, पण "जरा इकडे ये" एवढी तरी हाक येत नाही.

पहिलं सत्र मी नुसती ऐकत होते. दुसऱ्या सत्रात अप्रत्यक्ष करांचा धडा आला आणि मी पहिल्यांदा स्वतःहून माइक उघडला.

सर सांगत होते, की जीएसटीच्या आधी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात माल विकला की केंद्रीय विक्रीकर लागायचा. तो टाळायला कंपन्या प्रत्येक राज्यात आपलं गोदाम ठेवायच्या, म्हणजे माल विकलेला नसून फक्त हलवलेला दिसायचा. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि ही गरज संपली. बारकी बारकी गोदामं बंद करून चार राज्यांना पुरेल असं एक मोठं गोदाम परवडू लागलं. सरांनी विचारलं, याचं उदाहरण कुणी देईल का?

मी म्हटलं, सर, मी उदाहरणातच बसले आहे.

मग जे माहीत होतं ते सांगितलं. मी लग्न होऊन आले तेव्हाही इथे गाळे होते, पण बुटके, सिमेंटच्या पत्र्याचे, पावसात गळणारे. ते इथे का होते? कारण मुंबईची जकात. मुलुंडच्या नाक्यावरून माल आत गेला की महापालिकेची जकात भरावी लागे. मग सगळा माल आत न्यायचाच कशाला? बाहेर ग्रामपंचायतीच्या हद्दीत ठेवा, गिऱ्हाईक लागेल तेवढाच आत न्या, तेवढ्याचीच जकात भरा. मानकोली, दापोडे, वळ, पूर्णा, राहनाळ, काल्हेर ही गावं त्या हिशेबाने गोदामांची झाली. ज्या दिवशी जीएसटी आला त्याच दिवशी मुंबईची जकातही गेली. तेव्हा गावात घबराट झाली होती, की आता माल मुंबईतच ठेवतील आणि आमचे गाळे ओस पडतील. ज्यांनी कर्ज काढून गाळे बांधले होते त्यांना झोप नव्हती. झालं उलटंच. मुंबईत एवढी जागा कुणाला परवडणार? इथे महामार्ग दारात, न्हावाशेवा बंदराचा रस्ता जवळ. त्यात ऑनलाइन खरेदी वाढली. बुटक्या गाळ्यांच्या शेजारी तीस-पस्तीस फूट उंचीची गोदामं उभी राहिली, आत वरपर्यंत रॅक आणि फोर्कलिफ्ट.

मी थांबले तेव्हा वर्गात शांतता होती. मला वाटलं नेट गेलं. मग सर म्हणाले, "ताई, पुस्तकात पहिला अर्धा भाग आहे, दुसरा नाही. हे स्वाध्यायात लिहून आणा."

पण तेवढ्यात आमच्या वर्गातला एक पोरगा, त्याचे वडील माथाडी कामगार, म्हणाला, "फोर्कलिफ्ट आल्यावर हमालाचं काय झालं तेही लिहायला सांगा सर." माथाडी कायदा १९६९ चा आहे, हमालांना मजुरीची, भविष्य निधीची हमी देणारा, ती लढाई अण्णासाहेब पाटलांनी लढली, हे सगळं त्याला पाठ होतं. त्याच्या वडिलांच्या टोळीला आता आठवड्यातून काही दिवसच काम लागतं, हेही त्याने सांगितलं. त्यावर एक जण म्हणाला, पाठीवर पोती वाहणं संपलं तर वाईट काय? वाद रंगला. मी मात्र गप्प झाले. आमच्या घरात एका गाळ्याचं भाडं येतं. मी पगारदार आहे, पण भाडं खाणाऱ्या घरातलीही आहे, आणि तो पोरगा बोलत होता तेव्हा माझ्या समोरच्या डॉकवर फोर्कलिफ्ट चालली होती. त्या दिवशी तास अर्धा तास जास्त चालला. कुणी बाहेर पडलं नाही. कुकरवाल्या बाईंनी तर कुकर बंद केला असावा.

परीक्षा मात्र ऑनलाइन नसते, प्रत्यक्ष जाऊन लिहावी लागते. माझं केंद्र डोंबिवलीला आलं. मोटागावचा पूल २०२४ मध्ये खुला झाला म्हणून बरं, नाहीतर कोन, दुर्गाडी, कल्याण असा वळसा घालून सकाळच्या पेपरला पोचायचं म्हणजे पहाटे निघणं आलं. यांनी बाइकवर सोडलं. पेपर अवघड नव्हता, हात अवघड होता. इतकी वर्षं सगळं कीबोर्डवर केल्यावर तीन तास पेनाने लिहायचं म्हणजे मनगट भरून येतं. पुढच्या सत्राआधी मी रद्द चलनांच्या पाठकोऱ्या कागदांवर रोज एक उत्तर लिहायला घेतलं. आमचे हमाल ते कागद उलटसुलट करून बघतात. एकाने विचारलं, "मॅडम, ये कौन सा स्टॉक है?"

स्वाध्यायासाठी मी सासऱ्यांना विचारलं, गावात पहिला मोठा गाळा कधी झाला. त्यांना साल सांगता येईना. ते म्हणाले, २६ जुलैच्या पुरात आपल्या खारीत पाणी चढलं ना, त्याच्या आधीची गोष्ट. म्हणजे २००५ च्या आधी. मग मी त्यांना सरांपुढे मांडलेलं सगळं वाचून दाखवलं, जकात, जीएसटी, महामार्ग. ते ऐकत राहिले आणि म्हणाले, "व्यापाऱ्याला जागा का पाहिजे होती ते तू लिवलंस. आम्ही जागा का दिली ते कुठे लिवलंस?" भाताचं एकच पीक, खाडीचं पाणी शिरलं की तेही गेलं, लावणीला मजूर मिळेना, मुलं कंपनीत लागलेली. पीक काढून जे उरायचं त्याहून भाडं जास्त होतं, एवढाच त्यांचा हिशेब.

ते मी "पुरवठ्याची बाजू" असा मथळा देऊन लिहिलं. सरांनी स्वाध्याय तपासून पाठवला आहे, त्या परिच्छेदाशेजारी विचारलंय, भाताचा एकरी खर्च तेव्हा किती यायचा? सासऱ्यांना आकडा आठवत नाही. लावणीची मजुरी सासूबाई द्यायच्या, तेव्हा आता त्यांच्याकडे बसायचं आहे. त्या म्हणतात, "बस, पण आधी कोलीम साफ करून दे."