मॉन्टेरीला जाणाऱ्या डायबद्दल

चिंचवड,
शुक्रवार

चि. मृणाल,


परवा फोन ठेवला आणि तेव्हापासून मी मनातल्या मनात तुझ्याशी भांडतोय. शेवटी तुझी मामी म्हणाली, भांडायचंच असेल तर कागदावर भांडा, पानावर बसून नको. म्हणून हे पत्र. व्हॉट्सॲपवर लिहिलं असतं, पण तिथं तू माझं अर्धंच वाचतेस आणि अंगठा दाखवून मोकळी होतेस.

तू विचारलंस ते एवढंच की, प्रेसच्या जुन्या डाय दुसऱ्या प्लांटला नेताना जुन्या आणि नव्या माणसांनी किती आठवडे एकत्र काम करावं. भाचीला एकदाची टूलरूमची गोडी लागली म्हणून मी हरखलो. मग हळूच कळलं की प्लांट ओहायोतून मेक्सिकोत, मॉन्टेरीला चाललाय, तीनशे माणसं घरी बसणार, आणि हा सगळा हिशेब ज्या शीटमध्ये आहे ती तूच केलीस. वर म्हणालीस, "मामा, प्लीज इमोशनल होऊ नका, एवीतेवी ते होणारच होतं." अगं, भोसरीच्या कारखान्याच्या गेटवर एका साहेबानं आपल्या अण्णांना हेच ऐकवलं होतं. अण्णांनी त्याला काय उत्तर दिलं ते तुझ्या आईला विचार. मला पत्रात लिहवणार नाही.

तुझ्या एमबीएच्या पुस्तकात रिकार्डो असेलच. 1817 साली त्यानं मांडलं की इंग्लंडनं कापड विणावं, पोर्तुगालनं वाइन गाळावी, त्यात दोघांचंही भलं. पण त्याच प्रकरणात तो हेही सांगतो की भांडवलवाले आपला देश सोडून परक्या देशात पैसा गुंतवायला कचरतात, आणि त्यांचं हे कचरणं कमी झालं तर मला वाईट वाटेल. ते पान तुमच्या वर्गात बहुधा उलटलं जातं.

आता लगेच म्हणू नकोस की मामा जुन्या लाल बावट्याचे. कारखाने परदेशात जाऊच नयेत असं मी कोणत्या तोंडानं म्हणू? आपली मुंबई दुसऱ्याचं काम घेऊनच वाढली. कावसजी दावर यांची गिरणी 1856 साली सुरू झाली आणि पुढं लँकेशायरच्या मालकांची झोप उडाली. त्यांना एकाएकी मुंबईच्या कामगारांचा कळवळा आला. 1881 च्या फॅक्टरी कायद्यामागे त्यांचाही रेटा होता. त्या कायद्यानं सात वर्षांखालच्या मुलांना गिरणीत घेणं बंद झालं आणि बारा वर्षांपर्यंतच्यांना नऊ तासांची मर्यादा आली. हेतू स्वार्थाचा, पण त्या पोरांना मिळालेली सवलत खरी. कळवळ्यानं भागेना तेव्हा 1896 मध्ये आपल्या गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के कर बसवला, तो 1925 पर्यंत काही हटला नाही. त्यामुळं अमेरिकेतला एखादा सिनेटर मेक्सिकन मजुराच्या पगारावर बोलायला लागला की मी ऐकतो सगळं, पण खिशावर हात ठेवून.

आणि याच लँकेशायरमधली ओल्डहॅमची प्लॅट ब्रदर्स कंपनी मुंबईला यंत्रं विकत होती! एकीकडे कापडवाले बोंबलतायत, दुसरीकडे यंत्रवाले बोटी भरतायत. प्लॅटची यंत्रं जपानलाही गेली. तिथं साकिची टोयोडा नावाचा एका सुताराचा मुलगा मागांमध्ये डोकं घालून बसला. 1929 साली प्लॅटनं त्याच टोयोडांच्या स्वयंचलित मागाचे हक्क एक लाख पौंडांचा करार करून विकत घेतले. गुरूनं शिष्याकडून माल घेतला म्हण. ते घराणं पुढं मोटारींत उतरलं. आपण? आपल्याकडे कापड निघत होतं, गिरणगाव वसत होतं, शेठ लोकांचे बंगले मलबार हिलवर चढत होते, आणि स्वातंत्र्य उंबरठ्यावर आलं तरी गिरणीतलं यंत्र बहुतेक विलायतेचंच. काम दोघांकडेही आलं. कसब एकाच्याच हाती लागलं. गेली कित्येक वर्षं मी हेच सांगत आलोय आणि तुम्ही सगळे जेवताना त्यावर हसता.

तुला ती जुनी प्रेस आठवते ना, जिच्यावर तू खडूनं घर काढलं होतंस? ती आणायला मी इंग्लंडात एका बंद पडलेल्या कारखान्यात गेलो होतो. थंडी अशी की बोटं पान्याला चिकटत होती. तिथला एक म्हातारा फिटर मशीन सोडवायला दिला होता. तो माझ्याशी चकार शब्द बोलेना. मी तरी काय बोलणार, त्याच्या घरातलं सामान उचलायला आलेला माणूस! दुपारी त्यानं माझा डबा पाहिला, मिरचीचं लोणचं मागितलं, डोळ्यांतून पाणी काढत खाल्लं. आणि मग प्रेसच्या डाव्या खांबाशी मला घेऊन गेला. खालच्या शिमवर बोट ठेवून म्हणाला, ड्रॉइंगमध्ये काहीही लिहिलेलं असो, इथं दोन थाऊ, म्हणजे इंचाचे दोन हजारांश, जास्त घाल, नाहीतर ही बाई रडते. आम्ही पुण्यात येऊन ड्रॉइंगप्रमाणे बसवली असती तर वर्षभर नुसतं स्क्रॅप काढलं असतं. तुझ्या शीटमध्ये ते दोन थाऊ कुठल्या कॉलममध्ये आहेत, सांग.

हे फक्त माझ्यासारखी तेलकट माणसंच म्हणतात असं समजू नकोस. इंटेल चालवलेला अँडी ग्रोव्ह काही कामगार पुढारी नव्हता. त्यानं 2010 मध्ये लिहिलं की घरगुती इलेक्ट्रॉनिक वस्तू बनवणं हलकं काम समजून अमेरिकेनं सोडलं आणि त्या नादात बॅटऱ्यांची शर्यतही हातची घालवली. दही शेजारी दिलंस तर उद्या परत लागेल, पण विरजणासकट भांडं दिलंस तर उद्या दूध घेऊन कुणाच्या दारात जाशील?

आकडे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. अमेरिकेत 2000 साली कारखान्यांत सुमारे 1 कोटी 73 लाख माणसं होती, 2010 च्या सुरुवातीला ती 1 कोटी 15 लाखांवर आली. सगळाच दोष चीन-मेक्सिकोचा नाही. यंत्रं आली, मधे मंदी आली. पण ऑटर, डॉर्न आणि हॅन्सन या तिघांनी चिनी मालाचा मार बसलेली गावं तपासली तेव्हा दिसलं की माणसं दुसरीकडे जाऊन नवं काम धरतील हे पुस्तकातलं वाक्य तिथं फारसं उतरलंच नाही. माणसं जागच्या जागी राहिली, वर्षानुवर्षं कमी पगारात किंवा बेकार. अशांना हात द्यायला केनेडींच्या काळात, 1962 मध्ये, एक योजना निघाली होती. नव्यांना घेणं तिनं 2022 च्या जुलैपासून थांबवलं. म्हणजे तू म्हणतेस ते "चांगलं पॅकेज" संपल्यावर त्या तीनशे जणांनी कुणाकडे बघायचं?

आणि तुझा तो ओव्हरलॅप, जुन्या-नव्यांनी एकत्र काढायचे आठवडे. इंडियानापोलिसला रेक्सनॉर्डचा बेअरिंगचा कारखाना 2017 मध्ये मॉन्टेरीलाच गेला. तिथल्या कामगारांना सांगितलं, तुमच्या जागी येणाऱ्यांना शिकवा, जादा पैसे देऊ. काहींनी शिकवलं, काहींनी तोंड फिरवलं, आणि वर्षानुवर्षं एका बाकावर डबा खाणारे एकमेकांशी बोलेनासे झाले. तू मला विचारलेले आठवडे हे असे असतात. फोनवर तू ते वाहतुकीच्या खर्चाच्या आणि क्रेनच्या भाड्याच्या मधे विचारलंस, त्यानंच माझं डोकं फिरलं.

मॉन्टेरीवाल्यांचं भलं होतंय ना, असं तू म्हणशील. होऊ दे, त्यांनाही पोरंबाळं आहेत. पण तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना आठव. शेवटची काही वर्षं तिथं मेक्सिकोला पाठवायच्या गाड्या बनत होत्या. 2020 च्या डिसेंबरात तोही थांबला. आपल्या गल्लीतल्या दोन घरांत त्या वर्षी लग्नं पुढं ढकलली गेली. जे एका शीटनं आलं ते दुसऱ्या शीटनं जातं.

बरं, उत्तर देतो. साधी डाय असेल तर आठ आठवडे. पण तू व्हिडिओत दाखवलीस ती बारा स्टेशनची प्रोग्रेसिव्ह डाय आहे, तिला सहा महिन्यांच्या आत हात लावू नका. पहिले दोन महिने मॉन्टेरीच्या पोरांनी ओहायोत यावं, नुसतं बघावं, प्रश्न विचारावेत. मॉन्टेरीत स्वतःची टूलरूम आहे का ते आधी विचार. नसेल तर प्रत्येक पंच तुटला की डाय विमानात बसेल. जुन्या टूलमेकरला शिकवण्याचे पैसे वेगळ्या ओळीत लिही, पॅकेजमधून कापू नकोस. तो नाही म्हणाला तर त्याच्यावर चिडू नकोस, आणि त्याच्याकडे ईमेल पाठवू नकोस, स्वतः जा.

आता खरं सांगतो, मला त्या डायची एवढी काळजी नाही. तुझा आवाज मला ठीक वाटला नाही. रात्री तीन वाजता तू जागी होतीस, आणि निखिलचं नाव काढलं की विषय बदलत होतीस. त्याचं काम गेलं आहे का? घराचे हप्ते तू एकटी भरतेस का? आमच्या समोरच्या इमारतीतला देशमुखांचा मुलगा खराडीत एका अमेरिकन कंपनीचं सोर्सिंग बघतो, रात्री अकराला त्याची मीटिंग सुरू होते. परवा लिफ्टमध्ये त्यानं त्याचं काम समजावून सांगितलं. मृणाल, ते शब्दन्‌शब्द तुझंच काम आहे. तुमची टीम कुठं हलवायची याची शीट कुणी उघडली आहे का, याचा जरा कानोसा घे. तुझ्या आईला यातलं काही बोलू नकोस, तिचं बीपी आधीच वर आहे. पैशाची गरज पडली तर मला थेट सांग, आढेवेढे नकोत.

तुझा
बापूमामा

ता. क. डायचा व्हिडिओ पुन्हा एकदा पाठव, या वेळी दिवा बाजूनं धरायला सांग. तिसऱ्या स्टेशनशी मला चीर पडल्यासारखी दिसली. तसं असेल तर डाय तिथून निघण्याआधी ओहायोवाल्यांकडूनच दुरुस्त करून घ्या.