हजेरी

आमच्याकडे दोन हजेरीपत्रकं आहेत. एक वर्गाचं : इयत्ता सातवी, उर्दू माध्यम, पट अडतीस. दुसरं आम्ही एका जुन्या वहीत पट्टीनं रेघा मारून केलेलं. त्याचा पट एक. त्या एकुलत्या एक विद्यार्थ्याचं वय सदतीस, शिक्षण बी.एड. आणि विषय, पाण्याशिवाय होडी वल्हवणे. हाजिर असेल त्या दिवशी 'हे', गैरहाजिर असेल त्या दिवशी 'गैन'. विद्यार्थी आम्हीच आणि मास्तरही आम्हीच.

'आम्ही' म्हणतो म्हणून कोणी रुबाबाची शंका घेऊ नये. घरात आणि उर्दू शाळेच्या स्टाफरूममध्ये 'हम' म्हणायची सवय. मराठीत लिहायला बसलो की तीच सवय 'आम्ही' होऊन कागदावर उतरते.

गोष्ट सुरू झाली ती साताऱ्यात, २०२२ च्या हिवाळ्यात. चष्म्याचा नंबर वाढला म्हणून डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी रक्त तपासायला सांगितलं. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा आला ६.२. डॉक्टर म्हणाले, "५.७ पर्यंत ठीक. ६.५ झाला की मधुमेह. तुम्ही उंबरठ्यावर उभे आहात, सर. आत जायचं की मागं फिरायचं ते अजून तुमच्या हातात आहे."

तो उंबरठा आमच्या ओळखीचा होता. आमचे अब्बा एस.टी.त मेकॅनिक होते. साखरेनं आधी त्यांच्या पायाचं एक बोट नेलं, मग नजर मंद केली, मग मूत्रपिंडं. २०१४ साली ते गेले तेव्हा सत्तावन्न वर्षांचे होते. त्यामुळे तो आकडा वाचताना आम्हाला कागद दिसत नव्हता, अब्बांच्या पायाची पट्टी दिसत होती.

सातारा हे पळणाऱ्यांचं गाव. पहाटे अजिंक्यताऱ्याच्या रस्त्यावर आणि यवतेश्वरच्या घाटात माणसांची रीघ असते. २०१२ पासून तिथं डोंगरातली अर्धमॅरेथॉन भरते आणि लांबलांबून लोक पळायला येतात. पण आमचा उजवा गुडघा कॉलेजात कबड्डीत गेलेला. चढ चढलो की सुजायचा. डॉक्टरांनी विचारलं, "रोइंग मशीन बघितलंय का? बसून करायचं. गुडघ्यावर आपटणं नाही आणि निम्म्याहून जास्त अंग कामाला लागतं."

घराजवळच्या जिममध्ये ते होतं, एका कोपऱ्यात. त्याच्या रुळावर लोकांचे टॉवेल वाळत पडलेले. लांब रूळ, त्यावर मागेपुढे सरकणारी सीट, पुढं जाळीच्या डब्यात पंख्यासारखं चाक, त्याला जोडलेली साखळी आणि साखळीला दांडा. दांडा ओढला की चाक फिरतं, चाकाला हवा अडवते. जितक्या जोरानं ओढाल तितका अडसर वाढतो, अगदी पाण्यासारखा. आज जगभरचे नावाडी ज्या घडणीच्या यंत्रावर सराव करतात ती अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात ड्रायसिगेकर नावाच्या दोन भावांनी १९८१ मध्ये बाजारात आणली. त्यांच्या पहिल्या यंत्रात चक्क सायकलचं चाक होतं. हे वाचल्यावर आम्हाला यंत्र एकदम घरचं वाटू लागलं. सायकलच्या चाकातून काय काय निघतं ते मेकॅनिकच्या मुलाला वेगळं सांगावं लागत नाही. शिवाय त्याला वीज लागत नाही, लाइट गेली तरी आपली होडी चालू.

पहिल्या दिवशी आम्ही पाच मिनिटांत साडेआठशे मीटर गेलो आणि भिंतीला टेकून बसलो. घरी सांगितलं तर अम्मी म्हणाली, "पानी नई, नाव नई, और चप्पू मारके पसीना! जाके किधर को आया?"

जाऊन कुठेच आलो नव्हतो, हे खरं. पहिला महिना तर चुका करण्यातच गेला. चाकाच्या बाजूला एक ते दहा आकड्यांचा खटका असतो. आम्हाला वाटलं दहा म्हणजे दहापैकी दहा गुण. तो दहावर ठेवून ओढत राहिलो आणि आठवड्यात कंबर धरली. नंतर कळलं, तो खटका फक्त चाकाकडे किती हवा जाऊ द्यायची ते ठरवतो. दहावर होडी जड होते, माणूस ताकदवान होत नाही. बहुतेकांना तीन ते पाच पुरतो. दुसरी चूक, हातानं ओढणं. वल्हवणं हे खरं पायांचं काम. आधी पायांनी ढकलायचं, मग कंबर मागं, शेवटी हात. परतताना बरोबर उलट : हात, कंबर, पाय. आणि परतायला जाण्याच्या दुप्पट वेळ घ्यायचा. आम्ही मुलांकडून पाढे घोकून घेतो तसे स्वतःकडून घोकून घेतलं, "पाँव, कमर, हाथ, हाथ, कमर, पाँव." मिनिटाला वीस-बावीस वल्ही, श्वास बोलता येईल इतका. वेगाची हाव धरली की यंत्र लगेच हिशेब दाखवतं. वेग दुप्पट करायचा तर जोर आठपट लागतो. म्हणून सुधारणा मुंगीच्या पावलानं होते, आणि जो आकडा बघायला येतो तो दोन महिन्यांत यायचा बंद होतो.

जून २०२३ मध्ये आम्हाला सांगलीत जागा मिळाली. कुटुंब साताऱ्यात, आम्ही खणभागात भाड्याच्या खोलीत. शनिवारी शाळा सुटली की कराडमार्गे साताऱ्याची एस.टी. आणि सोमवारी पहाटे परत. वाटेवर आम्हाला कृष्णेचीच सोबत. माहुलीला वेण्णेला पोटात घेऊन निघालेली, कराडला कोयना घेऊन सांगलीत आलेली. साताऱ्यात तिला बघायला माहुलीला जावं लागतं. सांगलीत ती तुम्हाला बघायला घरात येते. १९२९ च्या आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी फुटांत मोजतात : चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये ती सत्तावन्नच्या वर गेली होती. पावसाळ्यात सांगलीकर उठल्या उठल्या विचारतो, "किती फूट?" आकड्यावर डोळा ठेवून जगणं काय असतं ते इथल्या माणसांना शिकवावं लागत नाही.

सांगलीच्या जिममधलं यंत्र वेगळं होतं, चुंबकाच्या अडसराचं. साताऱ्यात वीस मिनिटांत चार हजारांच्या आसपास जाणारे आम्ही इथं एकदम पाच हजारांवर. आनंद दोन दिवस टिकला. शनिवारी साताऱ्याला गेलो तर पुन्हा चार हजार! तेव्हा ठरवलं की दोन शाळांचे गुण एका पत्रकात मांडायचे नाहीत. मीटर लिहिणं सोडून दिलं आणि फक्त हजेरी लिहू लागलो. आठवड्यात चार दिवस : तीन सांगलीत फजरनंतर, एक रविवारी साताऱ्यात. वीस मिनिटं. अगदीच जमलं नाही तर पाच, पण पाच मिनिटांनाही पूर्ण 'हे'. थोडी पण नेमानं केलेली नेकी अल्लाहला प्रिय असते, हे आम्ही लहानपणी मक्तबमध्ये शिकलो आणि वर्गातही शिकवतो. आपल्या गुडघ्याशी त्याचा संबंध आहे हे मात्र सदतिसाव्या वर्षी कळलं.

रमजाननं पहिल्या वर्षी आमची परीक्षा घेतली. २०२४ मध्ये इफ्तारच्या आधी अर्धा तास बसलो, नंतर पाणी आहेच म्हणून. तिसऱ्या दिवशी डोळ्यांपुढं अंधारी आली. पुढच्या वर्षी शहाणे झालो. आठवड्यात दोनच दिवस, तरावीहनंतर, पाणी पिऊन, दहा मिनिटं संथ. हजेरी कमी झाली, तुटली नाही.

तुटली ती दुसऱ्याच कारणानं. नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभेची निवडणूक लागली. आम्हा मास्तर लोकांना त्याचं काम चुकत नाही. प्रशिक्षण, साहित्य ताब्यात घेणं, वीस तारखेचं मतदान, रात्री उशिरा पेट्या जमा करणं. त्यात सर्दी-ताप. वहीत ओळीनं सव्वीस 'गैन' पडले. नंतर शांतपणे मोजलं तेव्हा खरं कळलं. पहिले सहा दिवस कामाचे होते. पुढचे चार तापाचे. उरलेले सोळा दिवस निव्वळ लाजेचे. जिमवरून जायचं टाळून आम्ही लांबच्या गल्लीनं शाळेत जात होतो. "सर, दिसला नाहीत?" असं कोणी विचारील ही भीती. कोण विचारणार होतं आणि विचारलं असतं तर काय बिघडणार होतं? पण लाज हिशेब करत नाही.

सत्ताविसाव्या दिवशी गेलो. तिथला शिकवणारा पोरगा सांगलीवाडीचा. पावसाळ्यात कृष्णेत होड्यांच्या शर्यती होतात, गावोगावचे संघ उतरतात, काठावर माणूस मावत नाही. हा त्यात वल्हं मारतो. आम्ही कारणांची यादी तयार ठेवली होती. त्यानं यादी मागितलीच नाही. सीट पुसली आणि म्हणाला, "बसा सर. आज पाचच मिनिटं."

आम्ही म्हणालो, "सव्वीस दिवस बुडालेत. भरून काढायला हवेत."

तो हसला. "होडीत एखाद्याचं वल्हं चुकलं ना सर, तर चुकलं. ते भरून काढायला घाई केली की पुढचंही चुकतं आणि शेजारच्याच्या वल्ह्याला लागतं. वल्हं उचलून धरायचं, गप बसायचं, आणि पुढच्या ठोक्याला सगळ्यांबरोबर पाण्यात घालायचं. झालं."

पाच मिनिटं केलं. वहीत 'हे' लिहिला.

त्याच आठवड्यात वर्गातला एक मुलगा अकरा दिवसांनी परत आला. चुलत्याच्या गॅरेजमध्ये कामाला जातो, नखांत काळं तेल. त्याला बघून आम्हाला आमचेच अब्बा आठवायचे, तरी यापूर्वी आम्ही काय करत होतो? "कहाँ था इतने दिन?" असं सगळ्यांसमोर विचारत होतो आणि पहिला तास दाराशी उभा करत होतो. त्यामुळे तीन दिवस बुडवणारा हा पोरगा आठ दिवस बुडवायचा. दाराशी उभं राहायची वेळ पुढं ढकलायचा, बस. हे आम्हाला त्या सोळा दिवसांनी शिकवलं. या वेळी त्यानं मान खाली घालून दारातूनच "हाजिर जनाब" म्हटलं. आम्ही म्हणालो, "बैठ." शेजारच्याची वही त्याच्यापुढं सरकवली आणि आजचा धडा सुरू केला.

त्या मुलांना आम्ही दत्तू भोकनळची गोष्टही सांगितली. चांदवड तालुक्यातलं तळेगाव रोही, दुष्काळी गाव. विहिरी खोदायच्या कामावर राबलेला हा मुलगा २०१२ मध्ये सैन्यात गेला, तिथं त्याला हा खेळ भेटला आणि २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये तो एकट्यानं होडी वल्हवत उतरला. एकूण क्रमांक तेरावा. मुलं म्हणाली, "तेरहवां? मतलब हार गया ना सर?" आम्ही म्हणालो, पुढचं ऐका. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या होडीत सुवर्णपदक. तेरावा आल्यावर तो घरी बसला असता तर ती चौथी सीट रिकामी राहिली असती. मागच्या बाकावरून काळ्या नखांचा एक हात वर आला, "सर, चौघांत एक गैरहाजिर असेल तर?" त्या प्रश्नाचं उत्तर आम्ही दिलं नाही. त्याचं त्यालाच ठाऊक होतं.

आणि अब्बा. त्या शनिवारी एस.टी.त खिडकीशी बसलो होतो, कराड मागं पडलं होतं, तेव्हा एकदम उमगलं. अब्बा औषधाला कंटाळले नव्हते. एकदा त्यांचा रिपोर्ट वाईट आला, तेव्हा एका डॉक्टरांनी भरल्या दवाखान्यात त्यांना झापलं, "जगायचं नसेल तर येऊ नका." अब्बा उठले, सलाम केला आणि दीड वर्ष कुठल्याच दवाखान्याची पायरी चढले नाहीत. आम्ही घरचे त्यांना हट्टी म्हणालो. बेपर्वा म्हणालो. दारात उभं राहायची लाज एवढंच ते होतं, हे आम्हाला कधी सुचलं नाही. "अब्बा, चला, मी बरोबर येतो, आज फक्त बसून येऊ," असं म्हणायला आमच्यापैकी एकाचंही वल्हं वेळेवर पाण्यात पडलं नाही.

ते चुकलेलं वल्हं आता भरून काढता येत नाही. पुढचं तेवढं हातात आहे.

आमचा आकडा सध्या ५.८ आहे. म्हणजे उंबरठा अजून ओलांडलेला नाही, आत नाही आणि बाहेरही नाही. डॉक्टर खूश आहेत, आम्ही सावध. गॅरेजमधला पोरगा अजून बुडवतो, पण दोन दिवस, फार तर तीन. मागच्या रविवारी साताऱ्यात अम्मीनं कबूल केलं की पंधरा दिवस तिचं फिरणं बंद आहे, "अब शरम आती, सब औरतें पूछतीं." आम्ही काही बोललो नाही. तिच्या चपला दाराशी सरळ करून ठेवल्या आणि म्हणालो, "चल अम्मी. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत. आज एवढंच."

परत आल्यावर आम्ही वहीत आमच्या नावाखाली एक नवी ओळ आखली. पट आता दोन झाला आहे.