नांव घेऊन हांक मारणें

चित्रांवर बोट ठेवून यंत्राकडून काम करून घेण्याची संवय झालेल्या पिढीस कमांड लाइन जुनाट वाटते. आम्हांस ती प्रिय आहे. तेथें कोण कोणास बोलावीत आहे हें दिसतें.

'जावा' ही भाषा सन मायक्रोसिस्टिम्समध्यें जेम्स गॉसलिंग प्रभृति मंडळींनीं रचिली व १९९५ सालीं ती लोकांपुढें आली. तींतील प्रोग्राम प्रोसेसरास थेट समजत नाहीं. कंपाइलर त्याचें एका मधल्या बोलींत रूपांतर करून '.क्लास' फाइल देतो, आणि पुढें 'जावा' या आज्ञेनें तीस हांक मारावी लागते. ही आज्ञा म्हणजे उंबरठ्यावरचा कारभारी. तो फाइल मागत नाहीं, नांव मागतो. 'जावा नमस्कार' म्हटलें तर काम होतें, 'जावा नमस्कार.क्लास' म्हटलें कीं तो 'नमस्कार' कुळांतील 'क्लास' नांवाच्या इसमास शोधूं लागतो, आणि असा कोणी नाहीं म्हणून परत येतो!

तालुक्याच्या गांवाहून आलेली आमची एक विद्यार्थिनी या नकारापायीं शिक्षण सोडण्याच्या बेतांत होती. तिनें नांव अचूक लिहिलें होतें. फाइलहि समोर होती. परंतु त्या यंत्रावर पूर्वीं बसणाऱ्या कोणी 'क्लासपाथ' नामक शोधमार्ग ठरवून ठेविला होता, व त्यांत चालू फोल्डर दर्शविणारें टिंब नव्हतें. असा मार्ग मुळींच नसता तर कारभाऱ्यानें आपण होऊन चालू फोल्डर पाहिला असता. "सर, हें माझ्या डोक्याचें काम नव्हे," ती म्हणाली. आज्ञेंत शोधमार्ग म्हणून एक टिंब घालतांच पडद्यावर अक्षरें उमटलीं. खरें कारण न सांगतां नुसता नकार देणारें यंत्र नवख्यास स्वतःच्या बुद्धीविषयीं संशय घ्यावयास लावतें. हा दोष आम्ही लहान मानीत नाहीं.

लोडरांच्या घरांतील एक रीत मात्र आम्हांस आवडली. १९९८ सालच्या १.२ आवृत्तीपासून, एखादा क्लास हवा असला कीं धाकटा लोडर सामान्यतः आधीं वडील लोडरास विचारतो, तो त्याच्या वडिलांस. वर न मिळाला तरच धाकटा स्वतः शोधतो. त्यामुळें 'स्ट्रिंग'सारख्या मूळच्या क्लासाचें सोंग घेऊन उपऱ्यास आंत शिरणें कठीण होतें. (एकत्र कुटुंबांत ही रीत सर्वांसच सुखाची होती, असें आमचें म्हणणें नाहीं.)

२०१८ सालच्या अकराव्या आवृत्तीपासून एका फाइलींत मावणारा मूळ मजकूरच कारभाऱ्याच्या हवालीं करतां येतो. कंपाइल करण्याचें काम तो आंतल्या आंत उरकतो. ती विद्यार्थिनी आतां धाकट्यांस शिकविते, व आरंभ या सोयीनेंच करावा असें तिचें मत आहे. आम्ही मात्र पहिल्या दिवशीं '.क्लास' फाइल उघडून तिचे पहिले चार बाइट दाखवितों. षोडशमान पद्धतींत ते 'कॅफे बेब' असे वाचले जातात, आणि वर्गांत हंशा पिकतो.